डिस्चार्जला बीपीची गोळी वाढवणे: काळजी की घाई?

मिरजकर: काल इथं कोणीतरी ठणकावलं, "डिस्चार्जच्या दिवशी बीपी १५०च्या वर दिसलं तर गोळी वाढवूनच घरी पाठवा." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. बाबा ७८ वर्षांचे, न्यूमोनियानं ॲडमिट. घरी अम्लोडिपिन ५ या बीपीच्या गोळीवर वर्षभर १३०च्या आसपास. वॉर्डात झोप नाही, हाताला सलाईन, शेजारचा रात्रभर कण्हतोय, १६४ भरणारच! निघताना टेल्मिसार्टन ४० ही बीपीची दुसरी गोळी जोडली. पाचव्या दिवशी पहाटे लघवीला उठले ते बाथरूमच्या दारातच कोसळले. वरचं बीपी ९६. २०१९ सालचा 'जामा इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास वाचा: ६५च्या पुढचे अमेरिकी माजी सैनिक, गोळ्या वाढवून सोडलेल्यांतले २१.४ टक्के महिन्याभरात पुन्हा भरती, न वाढवलेल्यांतले १७.७. वर्षभरात हार्टला फायदा काहीच नाही.

डॉ. खडूस: तो निरीक्षणावरचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे. जवळजवळ सगळे पुरुष, तेही हार्टसाठी भरती न झालेले. माझे पेशंट एकदा घरी गेले की फॉलोअपला फिरकत नाहीत. स्ट्रोक आला की मात्र नातेवाईक दवाखान्याची काच फोडायला हजर.

लेकुरवाळी: गोळी वाढवण्याचं सोडा, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते तरी वाचता येतं का? आईनं महिनाभर दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या. दोन्ही टेल्मिसार्टन! एक जुनी, एक हॉस्पिटलची.

पेन्शनर६७: म्हणूनच जनऔषधी. तिथं पाकिटावर औषधाचंच नाव.

डॉ. खडूस: आणि दर्जाची हमी तुम्ही घेणार?

पेन्शनर६७: चार वर्षं तीच खातोय, बीपी १२८. तुमच्या ब्रँडवाल्या एमआरची, म्हणजे कंपनीच्या औषधविक्या माणसाची, बॅग मात्र दर महिन्याला जड होते.

डॉ. खडूस: बॅगेवर घसरलात म्हणजे मुद्दे संपले.

लेकुरवाळी: अहो, भांडण कशावर चाललंय! मी कंपनीबद्दल बोललेच नाही. जुनी गोळी बंद करायची की चालू ठेवायची, एवढं मराठीत एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

पेन्शनर६७: ब्रँड नसते तर ती ओळ लागलीच नसती.

मिरजकर: धागा बीपीचा होता. डॉक्टर, उठल्यावर बीपी पडतं का हे बघायला बाबांना एकदा उभं करून मोजलं असतं तर?

डॉ. खडूस: मोजायला हवं होतं, मान्य. आठवड्याभरानं घरच्या नोंदी बघून ठरवलं असतं तरी चाललं असतं. झालं समाधान? आता तुमच्या बाबांना आठवड्याभरानं दवाखान्यात आणणार कोण, तेही लिहा.

मिरजकर: मीच. रजा टाकून. मागच्या वेळीही मीच आणलं होतं, स्ट्रेचरवरून.