ओढ्याकाठी उंबर जगेना, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्यात ओढ्याला लागून आमचं भाताचं खाचर आहे. तीन पावसाळे काठ ढासळतोय, आता पाणी बांधाला भिडलंय. पूर्वी तिथे जुना उंबर होता. तो उन्मळला त्यानंतरच हे सुरू झालं. दगडी पिचिंगचा (काठाला दगड रचून बसवण्याचा) खर्च झेपणारा नाही. वडील म्हणतात, "उंबरच लाव, पाखरं तरी येतील."

गेल्या आषाढात मनगटाएवढ्या आठ फांद्या रोवल्या. पंधरा दिवसांत पालवी फुटली, मी खूश! गणपतीपर्यंत सगळ्या वाळल्या. उपटल्या तर मूळ एकही नाही, साल काळी, बुळबुळीत. बी वाफ्यात पेरलं, तेही उगवलं नाही. आणि विहिरीच्या कठड्यात मात्र कुणी न लावता दोन रोपं टरारून उभी!

करंज जमला. वैशाखात शेंगा फोडून बिया पिशव्यांत लावल्या, पंधरवड्यात उगवल्या. शेळ्याही तोंड लावत नाहीत. फक्त पानांवर बोटांसारखे हिरवे फोड आलेत. फवारणी करू का? आणि झाडं उतारावर लावू की वर?

प्रतिसाद

पालवीला भुलू नका, ती फांदीतल्या साठ्यावर फुटते. आषाढात माती चिंब, बुडखा कुजणारच. फांद्या माघ-फाल्गुनात, निचऱ्याच्या मातीत पिशवीत लावा, मुळं धरली की पावसाच्या तोंडावर हलवा. उंबराचं बी राईहून बारीक, मातीखाली गाडलं की संपलं. विटांच्या चुऱ्यावर नुसतं भुरभुरवा, ओल टिकवा. कठड्यातली रोपं पाखरांच्या विष्ठेतून आलेली, तीच काढून लावा.

फोड सूक्ष्म कोळी (माइट) किडीमुळे येतात. झाड मरत नाही, फवारणी नको. करंजाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्याही वाढतात, त्या उगाच मरतील.

ढासळत्या कडेवर उंबर लावू नका, वाऱ्यात काठासकट आडवा होईल. तो आठ-दहा फूट आत, करंज त्याच्या पुढे, उतारावर वाळा गवत आणि निर्गुडी. पहिली दोन वर्षं माती वाळाच धरेल.

धागाकर्ता

आभार! कठड्यातली रोपं काढायला काल गेलो. एक मुळांसकट निघालं, ते ओल्या पोत्यात गुंडाळलं. दुसऱ्याचं मूळ चिऱ्यांमागे कुठवर गेलंय कळेना. कोयता उचलला तर आईने हात धरला, उंबरावर कोयता चालवायचा नाही म्हणे. आषाढात आठ फांद्या तोडल्या ते तिला सांगितलेलं नाही.