उभ्या स्पोर्ट्स कारचाही खर्च चालूच असतो, पटतंय का?

टॅकोमीटर:
जुनी पोर्शे ९११ (९९६ मॉडेल) घेऊन तीन वर्षं झाली, काल पहिल्यांदा वर्षाचा हिशोब वहीत मांडला आणि बायकोला दाखवायच्या आधी वही बंद केली. गाडी वर्षभरात जेमतेम २,१०० किमी चालली, घरातली रोजची हॅचबॅक १४,००० च्या वर, तरी सर्व्हिस, टायर, इन्शुरन्स धरून ९११ चा खर्च हॅचबॅकच्या पाचपट. माझं म्हणणं, हा खर्च किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर चालतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे चालवा नाहीतर उभी ठेवा, दोन वर्षांनी बदलायचंच. टायरची नक्षी नव्यासारखी होती पण बाजूने बोट फिरवलं तर बारीक चिरा लागायला लागल्या, टायरवरचा तारखेचा कोड बघितला २३१६, म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. चारही टायर गेले. इंजिन ऑइल हॅचबॅकला साडेतीन लिटर, हिला आठच्या वर. त्यात क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच होता म्हणून आयएमएस बेअरिंगपण (इंजिनमधल्या मधल्या शाफ्टचं) बदलून घेतलं, कारण ते तुटलं की सगळं इंजिनच भंगारात. तेव्हा कमी चालवतो म्हणून परवडेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

छप्परउघडा:
९९६ घेतलीत आणि आता रडताय होय! चूक गाडी निवडण्यात आहे राव. माझदा एमएक्स-५ ही उघड्या छपराची गाडी बघा, १९८९ पासून बनतेय, वजन टनाच्या आसपास, त्यामुळे टायर-ब्रेक लवकर झिजत नाहीत, टायरचं मापही साध्या गाडीचं. माझ्या वर्षाच्या खर्चात आणि शेजाऱ्यांच्या सेडानच्या खर्चात फार फरक नाही. स्पोर्ट्स कार म्हणजे ३०० हॉर्सपॉवर पाहिजेच हे कोणी ठरवलं?

पानाखाली१३:
एमएक्स-५ गोड गाडी आहे, वाद नाही, पण विषय भलतीकडे नेऊ नका. लोक फसतात ते जुन्या महागड्या गाडीत. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं, आणि बेल्ट काही वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी कव्हरखाली झोपलेली असली तरी. त्यानंतरच्या ३६० मॉडेलमध्ये सीटच्या मागून बेल्टपर्यंत हात पोचायला लागला, एफ४३० पासून चेन आली तेव्हा कुठे हा ताप संपला. म्हणून मी म्हणतो घ्यायची तर नवीच घ्या, नव्या फेरारीबरोबर सात वर्षांची ठरलेली सर्व्हिस कंपनीच देते.

घसारा_मोजा:
नवी घ्या?? अहो, मग घसारा कोण भरणार? पहिल्या दोन-तीन वर्षांत नव्या गाडीची किंमत जेवढी उतरते तेवढ्यात टॅकोमीटर यांची दहा वर्षांची सर्व्हिस होईल. तो आकडा कोणी बिल म्हणून हातात देत नाही, म्हणून कोणी वहीत लिहीतच नाही. ९९६ चा भाव जेवढा पडायचा तेवढा कधीच पडून झालाय, धागाकर्ते उलट फायद्यात आहेत.

टॅकोमीटर:
फायद्यात 😄 हे वाक्य प्रिंट काढून फ्रिजवर लावतो.

ट्रॅकचावारकरी:
तुम्ही सगळे गाडी उभी ठेवणारे लोक, म्हणून चिरा मोजताय. मी ट्रॅकवरचे कप २ टायर वापरतो, ट्रेडवेअर (आकडा जितका कमी तितका टायर लवकर झिजतो) १८०, साध्या टायरला ४००-५०० असतं, वर मागचे पुढच्यापेक्षा रुंद म्हणून अदलाबदल करायचीही सोय नाही, मागची जोडी आधी संपते. ब्रेक पॅडचं तर विचारूच नका. पण गाडी वापरली तर खर्च टोचत नाही. आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणारे जे आहेत ना ते पैसे देऊन गाडी खराब करतायत, इंजिन नीट तापत नाही, पाण्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसते. एकतर चांगली अर्धा तास पळवा नाहीतर ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावून गप्प ठेवा.

टॅकोमीटर:
हे मात्र पटलं. मागच्या वर्षी चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. मी दर रविवारी पाच मिनिटं चालू करायचो, वाटायचं बॅटरीची काळजी घेतोय. पण छप्परउघडा, तुमचा हिशोब मला अजून मान्य नाही, कापडी टप किती वर्षांनी बदलला ते लिहिलं नाहीत.

छप्परउघडा:
टप धरायचा नसतो. ती हौस.

घसारा_मोजा:
टॅकोमीटर, एवढा त्रास आहे तर विकताय का? विकत असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मी सिरियस आहे.

टॅकोमीटर:
छे, आत्ताच तर चार नवे टायर टाकलेत.