मदत हवी आहे: आयोवातल्या जुन्या फार्महाऊसचं खरं वय कसं काढायचं?

विनेशीक काउंटीत, डेकोराजवळ एक दुमजली लाकडी घर बघतोय. असेसरच्या (मालमत्ता करासाठी घरांचं मूल्य ठरवणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याच्या) नोंदीत बांधणीचं साल 1900 आहे, पण एका खोलीच्या खिडक्या बाकीच्यांपेक्षा बऱ्याच खोल आहेत. आत ओंडक्यांचं जुनं घर असेल का? कागद कुठे शोधायचे?

प्रतिसाद 1
असेल, आणि शक्यता चांगली आहे. नॉर्वेजियन वस्ती इथे 1850 पासून वाढली. 1880 ला काउंटीत जवळपास 24 हजार माणसं होती, 2020 ला 20 हजारांच्या आसपास. म्हणजे शेतं 1900 च्या आधीच वसलेली होती. 1900 हे अनेकदा अंदाजाने टाकलेलं साल असतं, त्यावर विसंबू नका.

दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. साध्या लाकडी सांगाड्याची भिंत फळ्या आणि गिलाव्यासकट 6-7 इंच भरते. 10-12 इंच भरली तर आत ओंडके असू शकतात. मग पोटमाळ्यावर जा आणि वाशांच्या सांध्यातले खिळे बघा. जुना कापीव खिळा चौकोनी असतो, दोन बाजूंनी निमुळता होतो. गोल तारेचे खिळे साधारण 1890 नंतर सरसकट आले. बाहेरच्या फळ्यांचे खिळे बघून काही ठरवू नका, फळ्या बदललेल्या असतात.

प्रतिसाद 2
कागदांसाठी आधी टाउनशिप, रेंज आणि सेक्शन, म्हणजे सरकारी मोजणीच्या चौकटीतली जमिनीची जागा, लिहून घ्या. एक सेक्शन 640 एकरांचा, चौथाई 160 एकर. सरकारकडून जमीन पहिल्यांदा कोणी घेतली ते जनरल लँड ऑफिसच्या (सरकारी जमीन वाटणाऱ्या जुन्या केंद्रीय कार्यालयाच्या) नोंदींत ऑनलाइन फुकट मिळतं. पुढची खरेदीखतं आणि गहाणखतं काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात. मोठं गहाणखत दिसलं की त्याच्या पुढची दोन-तीन वर्षं नीट चाळा, घर बहुधा तेव्हाच वाढवलेलं असतं.

1890 च्या जनगणनेची कागदपत्रं 1921 च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. आयोवाची स्वतःची 1885 आणि 1895 ची शिरगणती ती पोकळी भरते. 1885 च्या यादीत शेतकऱ्याचा सेक्शनही आहे, त्यामुळे नावसारख्या दोन कुटुंबांत गोंधळ होत नाही. 'ओल्सन' डझनावारी भेटतील!

प्रतिसाद 1
एक राहिलं. घर बलून फ्रेमचं निघालं, तर उभे खांब तळापासून छपरापर्यंत सलग असतात. मधली पोकळी खाली-वर मोकळी, त्यामुळे आग सरळ वर चढते आणि भरलेलं इन्सुलेशन तळघरात गळतं. आधी तळाशी आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर अडसर बसवा, मगच भरा. ओंडक्यांच्या भिंतीत तशी पोकळीच नसते, तिथे भरणीचा दर देणाऱ्या कंत्राटदाराला आधी भिंत उघडून दाखवायला सांगा.