रोजची ५ मिलिग्रॅमची टॅडालाफिल: प्रोस्टेटसाठी घ्यावी का, आणि घरात सांगावी का?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ६३ असून मी निवृत्त शिक्षक आहे. गेली दोन वर्षे लघवीची धार बारीक झाली आहे, सुरुवात होण्यासाठी ताटकळावे लागते आणि रात्री तीन वेळा उठावे लागते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४२ ग्रॅम निघाली, लघवी करून आल्यावरही मूत्राशयात ६० मिलिलिटर उरते, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १.८ आहे आणि लघवीच्या त्रासाबद्दलच्या सात प्रश्नांच्या नेहमीच्या तक्त्यात मला ३५ पैकी १६ गुण पडले. दहा महिने टॅम्सुलोसिन ही प्रोस्टेटची गोळी घेतली. तिने धार सुधारली, पण संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येईनासे झाले. ताठरता तर त्याआधी दोन-तीन वर्षांपासूनच कमी झाली होती, ते मी कोणालाच सांगितले नव्हते. या वेळी धीर करून दोन्ही गोष्टी सांगितल्या, तेव्हा डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन बंद करून टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज एक अशी लिहून दिली.

मेडिकलमधल्या मुलाने चिठ्ठी वाचली, माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिले आणि पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. आठ दिवस झाले, ती पट्टी कपाटात माझ्या कानटोपीखाली तशीच पडून आहे. मला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. ही गोळी खरोखर प्रोस्टेटवर काम करते का, आणि रोज घेतल्याने हृदयावर ताण येतो का? पत्नीला अजून काही बोललेलो नाही.

चिंचवडकर

मी ६८ वर्षांचा असून अडीच वर्षांपासून हीच गोळी घेतो. पहिल्या आठवड्यात दिवसभर शेतात कुदळ मारल्यासारखी कंबर भरून आली, नाक चोंदले आणि जेवणानंतर जळजळ होऊ लागली, म्हणून मी ती सोडणारच होतो. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे सगळे आपोआप ओसरले आणि रात्रीचे उठणे चारवरून दोनवर आले. मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. पूर्वी मी गरजेपुरती मोठी गोळी घेत असे, तेव्हा ती घेतल्यापासून आम्ही दोघेही घड्याळाकडे पाहत बसायचो आणि त्यातच सगळा उत्साह जायचा. रोजच्या लहान गोळीने ते घड्याळ गेले.

माझी प्रोस्टेटही या गोळीने लहान झाली असावी असे वाटते. मी मधूनमधून दोन-तीन दिवस गोळी घेत नाही आणि एखाद्या दिवशी चार एकदम घेतो, पण आजवर काही त्रास झालेला नाही.

एक मूत्ररोगतज्ज्ञ (पुणे)

चिंचवडकरांचा पहिला परिच्छेद अगदी बरोबर आहे. दुसऱ्यातले मात्र कृपया कोणी अनुकरू नये. या गोळीने प्रोस्टेट लहान होत नाही. आकार कमी करणारी औषधे म्हणजे फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड; त्यांचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात आणि त्या काळात पीएसए जवळपास निम्मे दिसू लागते, हे तपासणाऱ्याला माहीत असावे लागते. टॅडालाफिल फक्त स्नायू सैल करते. आपल्या पेशींत सीजीएमपी नावाचा पदार्थ स्नायूंना सैल व्हायला सांगतो आणि पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) त्याला मोडून टाकते. गोळी त्या विकराला अडवते. हे विकर लिंगाच्या रक्तवाहिन्यांत आहे तसे प्रोस्टेटच्या आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळच्या स्नायूंतही आहे, म्हणून एकाच गोळीने दोन तक्रारी हलक्या होतात. गंमत अशी की लघवीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर फारसा फरक दिसत नाही, पण रुग्णाच्या तक्त्यातले गुण उतरतात, म्हणजे त्रास कमी जाणवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ताठरतेसाठी या औषधाला २००३ मध्ये, रोजच्या लहान मात्रेला २००८ मध्ये आणि प्रोस्टेटच्या त्रासासाठी २०११ मध्ये मान्यता दिली, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी काही जगावेगळे केलेले नाही.

औषध शरीरातून निम्मे बाहेर पडायला सुमारे साडेसतरा तास लागतात. म्हणून रोज ठरावीक वेळी घेतली की पाचेक दिवसांत रक्तातली पातळी स्थिर होते, आणि अधूनमधून गोळी टाळली की हा फायदाच जातो. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. इच्छा मात्र ही गोळी निर्माण करत नाही, ती माणसाचीच असावी लागते.

हृदयावर ताण येण्याची भीती आपण विचारली, पण मला दुसरीच चिंता अधिक वाटते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाची ताठरता कमी होते, तेव्हा लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्यांत जे सुरू झाले आहे ते हृदयाच्या थोड्या रुंद वाहिन्यांत काही वर्षांनी दिसू शकते, म्हणून फिजिशियनकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. क्रिएटिनिनही पाहावे, कारण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर रोजची गोळी देत नाहीत. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल सुरू झाली तर टॅडालाफिलची रक्तातली पातळी वाढते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञालाही ही गोळी सांगावी. (अवांतर: मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तर टॅम्सुलोसिन घेत होतो हे नेत्रशल्यचिकित्सकाला आवर्जून सांगा, ती बंद केलेली असली तरीही.)

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हृदयरोगात छातीतल्या दुखण्यासाठी देतात ती नायट्रेटची कोणती गोळी आपण घेता का, किंवा तशीच निकोरँडिल? आपल्या नावावर नसली तरी घरात कोठे आहे का?

कृष्णाकाठ

डॉक्टर साहेब, आपले शेवटचे वाक्य वाचून मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. मला नायट्रेट कधीच कोणी लिहून दिलेले नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरत होता की चाळिशीपुढच्या माणसाच्या घरात सॉर्बिट्रेट (हीही नायट्रेटच) असलीच पाहिजे, आणि शेजारच्या वहिनींनी पत्नीला चार गोळ्या आणून दिल्या होत्या. त्या तिच्या पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारच्या कप्प्यात आजही आहेत. माझ्या छातीत कधी दुखलेच, तर ती पहिल्याच मिनिटाला त्यातली एक माझ्या जिभेखाली ठेवणार, हे नक्की.

एक मूत्ररोगतज्ज्ञ (पुणे)

नेमके हेच घडू नये म्हणून विचारले. नायट्रेटही त्याच सीजीएमपीच्या वाटेने रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. टॅडालाफिलच्या शेवटच्या गोळीनंतर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत, आणि रोज घेणाऱ्याचे ते ४८ तास कधी पुरेच होत नाहीत. छातीत दुखले तर १०८ ला फोन करायचा आणि येणाऱ्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचे की टॅडालाफिल चालू आहे, शेवटची अमुक वेळी घेतली. त्या वेळी आपण बोलण्याच्या स्थितीत असालच असे नाही. म्हणून हे वाक्य पत्नीला माहीत हवे.

चार तासांहून अधिक टिकलेली ताठरता किंवा एकाएकी कमी झालेली दृष्टी वा ऐकू येणे, असे दुर्मीळ प्रकारही तातडीने दवाखाना गाठण्याचे आहेत. सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी लघवी तुंबते आणि मग सगळा दोष नव्या औषधाच्या माथी जातो.

माहेरची कोकणी

मी या बाजूने नाही, पलीकडच्या, म्हणजे पत्नीच्या बाजूने लिहिते आहे. माझ्या मिस्टरांनी हीच पट्टी चार महिने चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवली होती. मला ती सापडली तेव्हा नाव इंटरनेटवर शोधले आणि जे वाचले त्याने माझ्या मनात नको ते आले, कारण आमच्यात तर त्या काळात काहीच नव्हते. प्रोस्टेटसाठीही ती देतात हे मला आठवडाभराने, भांडण होऊन गेल्यावर कळले. संशय मला गोळीचा नव्हता, लपवण्याचा होता. सर, आपण कानटोपी काढण्याआधी बोला. थंडी पडली की ती पट्टी तशीही आपल्या पत्नीच्याच हाती लागेल.

कृष्णाकाठ

काल रात्री जेवण झाल्यावर सांगितले. मी प्रोस्टेटपासून सुरुवात केली, दुसऱ्या तक्रारीपर्यंत यायला मला बराच वेळ लागला आणि तोवर ती भाजी निवडत होती. सगळे ऐकून तिने विचारले, "म्हणजे आता रात्री तीन-तीनदा दिवा लागणार नाही ना?" मग पर्स आणली आणि चारही गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या, मागच्या बाजूला पाहिले तर त्यांची मुदत केव्हाच संपून गेली होती.

क्रिएटिनिन १.० आले आहे. फिजिशियनकडे गुरुवारी ट्रेडमिल चाचणी आहे आणि ती ठीक आली तर शनिवारपासून गोळी सुरू करायची असे ठरले आहे. पट्टी आता फ्रिजवरच्या डब्यात, टेल्मिसार्टनच्या शेजारी आहे.