तैलरंगातील निसर्गचित्रात ढगांआडून येणारा प्रकाश चुन्यासारखा पांढरट का दिसतो?

कुंचला :
गेली ३ वर्षे मी तैलरंगात निसर्गचित्रे रंगवते आहे. सध्याच्या चित्राचा विषय असा आहे : वादळ नुकतेच सरले आहे, आकाशाचा बहुतेक भाग काळ्या-जांभळ्या ढगांनी व्यापला आहे आणि त्यांच्यातल्या एका फटीतून मावळतीचे ऊन खालच्या पाणथळ माळावर तिरपे उतरते आहे. मांडणी मला समाधानकारक वाटते, परंतु प्रकाश काही केल्या प्रकाश वाटत नाही. फटीत टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित कॅडमियम यलो मिसळून लावला, तो मंद वाटला म्हणून पांढरा वाढवला आणि आता तो भाग भिंतीला चुना फासल्यासारखा दिसतो. किरण तर वरून चिकटवलेल्या पट्ट्यांसारखे वाटतात. शिवाय क्षितिजावरचे डोंगर निळे रंगवूनही मागे जात नाहीत. ओला रंग खरवडून हा भाग मी दोनदा नव्याने केला आहे. चूक रंगांच्या निवडीत आहे की रंगवण्याच्या क्रमात?

धूसर :
आपल्या वर्णनावरून मला वाटते की फटीपेक्षा तिच्या भोवतालाकडे आधी पाहावे. पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ९० टक्के उजेड परत पाठवतो आणि काळा सुमारे ४ ते ५ टक्के. म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांच्यात आपल्याला साधारण २० पटींचाच पल्ला मिळतो. प्रत्यक्ष आकाशात उन्हाची फट आणि ढगाची सावली यांच्यातले अंतर याहून कितीतरी मोठे असते. त्यामुळे तो उजेड जसाच्या तसा उतरवणे कोणालाही शक्य नाही. आपल्या हाती फक्त प्रमाण असते. माळावरच्या पाण्यात, ढगांच्या कडांवर, गवताच्या पात्यांवर आपण तो पल्ला आधीच खर्चून टाकला असेल, तर फटीसाठी काही उरतच नाही, आणि मग हात आपोआप पांढऱ्याकडे जातो.

पांढऱ्याने रंग उजळतो खरा, पण त्यातला पिवळेपणा विरतो, आणि टायटॅनियम व्हाइट इतका जोरकस असतो की थोडासा जास्त पडला तरी मिश्रण थंड आणि पिठूळ होते. डोळ्याला प्रकाश जाणवतो तो उजळपणामुळे आणि तितकाच रंगाच्या उबेमुळे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे १८७२ सालचे ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे चित्र या दृष्टीने अवश्य अभ्यासावे. त्यातला नारिंगी सूर्य आणि भोवतीचे करडे-निळे आकाश यांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे, इतका की चित्राच्या कृष्णधवल प्रतीत तो सूर्य जवळपास दिसेनासा होतो. तरीही मूळ चित्रात तो पेटलेला वाटतो, कारण त्याच्याभोवती दूरवर दुसरा कोणताही उबदार रंग तेवढ्या जोमाने आलेला नाही.

म्हणून फटीचा रंग एक पायरी खाली आणावा : कॅडमियम यलो, त्यात थोडा ऑरेंज आणि पांढरा अगदी नखाएवढा. लगतच्या ढगांसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा वापरावा. फटीजवळ तो सिएनाकडे झुकलेला असावा आणि दूर जाताना अल्ट्रामरीनकडे. मिश्रण लगेच कॅनव्हासवर लावू नये. रंग मिसळायच्या नाइफच्या टोकावर घेऊन ते त्या जागेसमोर धरावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. पॅलेटवर मळकट वाटणारा पिवळा त्या गडद ढगांशेजारी किती झगमगतो, हे पाहून मला आजही नवल वाटते. त्याआधी चित्राचा मोबाइलवर एक फोटो काढून तो कृष्णधवल करावा. सर्वांत उजळ जागा एकच आहे की पाच आहेत, हे लगेच कळेल.

पायवाट :
डोंगरांविषयी थोडक्यात लिहितो. निळा रंग दिल्याने डोंगर दूर जात नाही; तो दूर जातो गडदपणा ओसरल्याने. आपल्या आणि डोंगराच्या मधली हवा स्वतः उजळलेली असते आणि तो उजेड डोंगराच्या सावल्यांवर पसरतो, म्हणून अंतर वाढते तशा आधी सावल्या फिक्या होतात. आपल्या डोंगरातली सर्वांत गडद जागा जवळच्या झुडपाच्या सावलीइतकी गडद असेल, तर तो पुढे येणारच. दुसरे असे की, मावळतीचे ऊन हवेतून फार लांबचा रस्ता कापून येते, वाटेत त्यातला निळा भाग विखरून जातो आणि तांबूस-पिवळा उरतो. डोंगर सूर्याच्याच दिशेला असतील, तर त्यांच्यावरचे धुके निळे नसून गेरूच्या किंवा गुलाबी छटेचे असायला हवे. माथ्यापेक्षा पायथा फिका ठेवावा आणि त्याची कड बोटाने पुसून टाकावी.

जवस :
धूसर यांचे म्हणणे मला बहुतांशी पटते, परंतु क्रमाचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आहे आणि किरणांच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे. ओल्या ढगांवर किरण ओढले की खालचा जांभळा वर येऊन मिसळतो, रंग मळतो, आणि तो मळ झाकण्यासाठी आपण जाड पट्टा देतो. आधी ढग पूर्ण वाळू द्यावेत. मग ताठ केसांच्या ब्रशवर अगदी थोडा रंग घेऊन, कापडावर तो जवळजवळ पुसून टाकून, कोरड्या हाताने किरणांच्या दिशेने हलकेच घासावा. किरणाचा टोन, म्हणजे उजळपणा, मागच्या ढगापेक्षा जेमतेम उजळ असावा आणि फटीपेक्षा तर निश्चितच मंद. गडद रंगावर पातळ पसरलेला फिका अपारदर्शक रंग धुरासारखा निळसर दिसतो, म्हणून मिश्रण पॅलेटवर हवे त्याहून थोडे अधिक उबदार ठेवावे. सगळे किरण मागे वाढवले तर ते ढगाआडच्या सूर्याच्या एकाच बिंदूत मिळाले पाहिजेत. एखादा जरी चुकला तरी पाहणाऱ्याला खटकते.

थरांचा नियम आपल्याला माहीत असेलच : खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात अधिक. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. तेलकट थर आतून सावकाश घट्ट होत असताना त्यावर कमी तेलाचा थर चढवला, तर वरचा आधी कडक होतो आणि पुढे तडकतो. शेवटी माळावर पारदर्शक पिवळ्याचा ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पातळ थर, द्यायचा असेल, तर ग्लेझने प्रत्येक जागा थोडी गडद होते हे ध्यानात घेऊन खालचा थर आधीच उजळ ठेवावा. फटीतला जाड रंग सर्वांत शेवटी, एकाच हाताने, आणि मग तिथे पुन्हा ब्रश नेऊ नये.

कुंचला :
तिघांचीही मी आभारी आहे. कृष्णधवल फोटो काढला. माळावरची तीन डबकी फटीइतकीच उजळ होती आणि हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आले नव्हते. काल दोन डबक्यांवर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीनचा पातळ करडा फिरवला आणि तिसरे फटीखालीच असल्यामुळे पिवळसर, पण मंद ठेवले. फटीला हातही लावला नव्हता, तरी ती उजळली. डोंगर सूर्याच्याच बाजूचे आहेत, म्हणून निळा खरवडून यलो ऑकर आणि पांढऱ्यात किंचित जांभळा मिसळून लावला आहे. किरणांची जागा अजून बोटाला चिकटते, त्यामुळे ती वाळेपर्यंत थांबते आहे. दरम्यान एका जुन्या वाळलेल्या कॅनव्हासवर कोरड्या ब्रशचा हात बसवते.