सोफ्याचं जनावर: पोराला अशी थाप मारावी का?

पऱ्हाटीवाला
दिवाळीला पुण्याहून भाचा आला. वय आठ. सोफ्यावर हात फिरवत म्हणे, मामा, हे कशाचं चामडं? म्हटलं, रेक्झिन्याचं. मेळघाटात कळप असतात. मे महिन्यात उघड्या पाठीनं टेकलं की उठताना चर्रकन आवाज येतो ना, तो रेक्झिन्याच ओरडतो. पोरगं रात्री जेवलं नाही, बहीण अजून बोलत नाही. तरी माझं मत, अशा थापा माराव्यात. आमचा आजा म्हणायचा, रेडिओत बोटभर माणसं राहतात. काय बिघडलं आमचं?

खडू-डस्टर
बिघडलं कसं नाही? माझ्या वर्गात एकानं लिहिलं, टसर रेशीम झाडाला लागतं. अहो, गडचिरोली-भंडाऱ्यात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या पाळतात. कोसा उकळला की आतला जीव मरतो. खऱ्या किड्यासाठी कोणी उपाशी झोपत नाही, आणि तुमच्या रेक्झिन्यासाठी पोरगं रडतं.

वायगावची हळद
मास्तर, कायले एवढे तापता? हे थाप भौची नाहीच, अमेरिकेत जुनी हाय. तिकडं नॉगाटक गावाच्या नावावरून नॉगाहाइड नावाचं नकली चामडं निघालं. १९६०च्या दशकात कंपनीनंच जाहिरातीत 'नॉगा' नावाचं दात विचकणारं जनावर आणलं, त्याच्या बाहुल्या बी काढल्या. म्हणे नॉगा कातडी आपणच टाकते, मरत नाही. सोफा घेणाऱ्याच्या जिवाले बोच नको!

खडू-डस्टर
म्हणजे माल खपवायला. मामानं निदान काही विकलं नाही, एवढं मान्य. बाकी मत तेच.

जिनिंगवाला
तुम्ही दोघंही जवळचंच जनावर विसरलात. रेक्झिन हे मुळात इंग्लंडातल्या कंपनीचं नाव, मँचेस्टरजवळच्या हाइड गावातलं. (हाइड म्हणजे चामडं, पण गावाचं नाव निव्वळ योगायोग.) कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल आणि रंग यांचा थर द्यायचा, वरून चामड्यासारखा ठसा. आणि सेल्युलोज नायट्रेट कापसापासून बनतं. त्याचंच जहाल रूप म्हणजे स्फोटक कापूस, पूर्वी तोफांत वापरायचे. आताचं रेक्झिन बहुतेक पीव्हीसी प्लॅस्टिकचं, म्हणजे मूळ कच्चा माल मीठ आणि खनिज तेल. खाली अस्तराला तेवढं कापड. पण जुना रेक्झिन्या पाहायचा तर पऱ्हाटीवाल्याच्याच वावरात उभा आहे.

वायगावची हळद
घ्या! अन् आपण त्याले मेळघाटात धुंडून राहिलो.

पऱ्हाटीवाला
आज सकाळी भाच्याला वावरात नेलं, सगळं खरं सांगितलं. फुटलेलं बोंड हातात दिलं. बराच वेळ कुरवाळत बसला. मग म्हणे, मामा, हे त्याचं पिल्लू का? डोळे कुठं आहेत? मी कापूस बाजूला करून सरकी दाखवली. मास्तर, एवढी एक चालू द्या.

खडू-डस्टर
नाही चालणार. बहिणीला फोन करा आधी.