मदत हवी आहे: लेकाला अख्खी मॅच एकट्याने टाकायचीय

मंडळी, आम्ही न्यू जर्सीत. लेक १२ वर्षांचा, लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २०२५च्या वर्ल्ड सिरीजच्या (इथल्या व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या) दुसऱ्या मॅचमध्ये डॉजर्सच्या पिचर यामामोटोने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने १०५ चेंडूंत उरकल्या, तेव्हापासून यालाही 'कम्प्लीट गेम' हवाय. यांच्या इनिंग सहाच, पण दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा. म्हणजे इनिंगला जेमतेम १४. हा तिसऱ्या इनिंगमध्येच साठी गाठतो! प्रत्येकाला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करायचा हट्ट, मग थ्री-टूवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) अडकतो नि चेंडू वाढतात. मी शिवाजी पार्कात ऑफस्पिन टाकलेला माणूस, सांगणार काय? पहिल्याच चेंडूवर बॅटरला ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारायला कसं लावायचं? एका दिवसात ६६ चेंडू झाले की चार दिवस सक्तीची विश्रांती, त्यामुळे प्रयोगांनाही वाव नाही. कोणाच्या मुलांना जमलंय का? खांदा सांभाळून जमेल असंच सुचवा, प्लीज.